काटकोन मास्तर

कटिंग मशीन चालू करण्याआधी मास्तर दोन्ही तळहात पुढच्या कडेवरच्या दोन हिरव्या बटणांवर ठेवत आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहत. छपाईखान्यात नवा आलेला माणूस हमखास विचारी, "मास्तर, प्रार्थना करताय का?"

"हो. आणि हात मोजतोय. काल होते तेवढे आहेत ना, बघतो."

या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. कागदाचा किंवा पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करायचा, मागच्या पट्टीला टेकवायचा आणि पातं खाली सोडायचं. पातं टेबलाइतकं लांब आणि वस्तऱ्यासारखं धारदार. ते खाली येण्यासाठी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे पातं पडताना माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. मशीन बनवणाऱ्याने एवढा विचार केलेला असतो. कामाची घाई असली की कामगार काय करतात, तर एका बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची पाचर ठोकतात. एक बटण कायमचं दाबलेलं राहतं, एका हाताने दुसरं दाबायचं आणि मोकळ्या हाताने पुढचा गठ्ठा सरकवायचा. काम झपाट्याने उरकतं. जगातल्या कुठल्याही छपाईखान्यात जा, ही युक्ती कोणाला शिकवावी लागत नाही.

मास्तरांनी आयुष्यात कधी पाचर लावली नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गठ्ठ्याला काटकोन मापायचा गुण्या लावून पाहावा, तर कोपरा नेमका जुळायचा. म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं, काटकोन. तोंडावर मास्तर, पाठीमागे काटकोन. ते त्यांना ठाऊक होतं. "बरं आहे," ते मला म्हणाले होते, "गोलमाल म्हणत नाहीत ना?"

मी त्या छपाईखान्यात हिशेबनीस होतो. माझं टेबल मालकांच्या केबिनला लागून, मधे फक्त प्लायवुडचा आडोसा. तिकडचं सगळं मला ऐकू यायचं आणि मालकांनाही त्याची फिकीर नव्हती. मालक आणि मास्तर एकाच चर्चचे. बाकी आम्ही सगळे त्या बाबतीत परके. मालक चर्चच्या कमिटीवर होते आणि पुढच्या बाकावर बसायचे. मास्तर रविवारी उभे राहून बायबलमधला पाठ वाचायचे. मी एकदा कुतूहलाने विचारलं होतं, "तुम्ही कामावर कधी धर्माचं बोलत नाही. तुमच्यात तर सांगायला सांगितलेलं असतं म्हणतात."

ते कागद ठोकत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुम्ही कोणी आमचं चर्च आतून पाहिलंय? नाही ना. मग तुम्हाला दिसतो तो मीच. माझं गणित चुकलं तर तुम्ही म्हणाल, ह्यांच्यात असंच असतं. हे ओझं काय कमी आहे, की वर तोंडही चालवू?"

एकदा कसल्याशा माहितीपत्रकांचा मोठा गठ्ठा त्यांच्याकडून केसभर आखूड कापला गेला. कोणाच्या लक्षात आलं नसतं. गिऱ्हाईक माल न्यायला आलं, तेव्हा मास्तर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "माल घेण्याआधी मोजून बघा. माझी चूक झाली आहे." मालक आतल्या आत नुसते धुमसले. पण ते गिऱ्हाईक कायमचं आमचं झालं, आणि त्यानंतर मालकांनी ती गोष्ट अशी काही वापरली की बोलायची सोय नाही. नवा माणूस दारात आला की त्याला थेट कटिंग मशीनपाशी नेत. "हे आमचे मास्तर. मेले तरी खोटं बोलायचे नाहीत. विचारा यांना, आमचा माल कसा असतो." मास्तरांचा प्रामाणिकपणा म्हणजे छपाईखान्याची पाटी झाला. आमच्यात भांडण झालं, सुट्टीच्या पाळ्यांवरून वाद झाला, तरी शेवटी कोणीतरी म्हणायचं, "चला काटकोनाकडे." ते सांगतील त्यावर पुढे कोणी चकार शब्द काढत नसे.

मुलीचं लग्न त्यांनी चर्चमधल्याच एका मुलाशी लावून दिलं. मुलगा चांगला होता, हसरा, थोडा उतावळा. नोकरी धड नव्हती, म्हणून मास्तरांनी त्याला स्वतःच्या मशीनवर शिकवलं आणि दुसऱ्या पाळीला लावून दिलं. शिकवताना जावई म्हणून त्याला काही सवलत नव्हती. गठ्ठा जरा तिरका लागला की, "काढ. पुन्हा ठोक." तो मला डोळा मारून म्हणायचा, "हिशेबनीस, बायको एकदाच केली, पण सासरा रोज सकाळी नव्याने करावा लागतो."

मग चर्चची नवी इमारत उभी राहिली. येत्या रविवारी तिचं समर्पण होतं आणि त्यासाठी नवं गीतपुस्तक छापायचं ठरलं. काम अर्थातच आमच्याकडे. मालकांनी ते आपल्या नावाने देणगी म्हणून घेतलं होतं, पहिल्या पानावर तसं छापलंही होतं. बांधणीवाल्याने उशीर केला आणि कापायची पुस्तकं शनिवारी दुपारी येऊन पडली. प्रत्येक पुस्तकाच्या तीन बाजू कापायच्या. दुपारी मशीन जावयाच्या हातात गेलं होतं. मास्तर पाळी संपवून हातपाय धुऊन परत आले, तर एका बटणात पाचर.

मी तेव्हा बांधणीवाल्याचं चलन घेऊन तिथेच उभा होतो.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"बाबा, आजचा दिवस. नाहीतर रात्रभर बसलो तरी व्हायचं नाही."

मास्तरांनी मशीन बंद केलं, पाचर उपसून काढली आणि खिशात टाकली. "व्हायचं नाही तर नाही होणार. जुन्या पुस्तकातून गाऊ."

मालक दारातच होते. ते हसत पुढे आले. "मास्तर, तुम्ही पण ना! मी पाहिलंय ते. मीच म्हटलं, लाव एवढ्यापुरती. पोरगा सावध आहे. आणि काम कोणाचं आहे? देवाचंच ना? तुम्ही चर्चमध्ये जा, बाकं लावायला माणसं कमी पडताहेत."

टेबलाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे आणखी दोन-तीन तुकडे पाचरीच्याच आकाराचे कापून ठेवलेले होते. मास्तरांची नजर त्यांवर गेली, हे मी पाहिलं. मग ते बाकं लावायला गेले.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा जावयाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

पात्याखालच्या गठ्ठ्यातली रक्ताळलेली पुस्तकं टाकून द्यावी लागली. उरलेली मालकांनी त्याच रात्री दुसऱ्या छपाईखान्यातून कापून आणली. रविवारी समर्पण झालं, नव्या पुस्तकातून गाणी म्हटली गेली, जखमीसाठी उभं राहून प्रार्थनाही झाली. त्या दिवशी पाठ दुसऱ्या कोणीतरी वाचला, कारण मास्तर इस्पितळात होते.

अशा अपघाताची सरकारी चौकशी होतेच. निरीक्षक येणार म्हटल्यावर मालकांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. आडोशापलीकडून मला खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मास्तरांना त्या केबिनमध्ये खुर्ची देण्याची पहिलीच वेळ असावी.

"मास्तर, मशीन चांगलं होतं की नाही?"

"होतं."

"बस, तेवढंच सांगायचं. मशीन चांगलं होतं, पाचर त्याने लावली. यात खोटं काही नाही. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगेन का?"

"पण तुम्ही पाहिली होतीत."

"ते कोण विचारतंय? विचारल्याशिवाय बोलायचं कशाला? आणि मास्तर, मी कमिटीवर आहे. नाव वर्तमानपत्रात आलं तर ते माझं एकट्याचं नाही येणार. लोक म्हणतील, बघा हे चर्चवाले. तुम्हालाच त्याची काळजी असते ना?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "जावयाचं मी बघेन. घरातलंच माणूस आहे. त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही."

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ताप आलेल्या माणसासारखा होता.

मुलीच्या घरीही वेगळं काही नव्हतं. मी जावयाला भेटायला गेलो होतो. जिना उभा, अरुंद, वर एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मुलगी वडिलांना म्हणत होती, "बटण अडकत होतं म्हणा. मागे एकदा अडकलं होतं, तुम्हीच सांगितलं होतंत."

"ते नीट करून घेतलं होतं, बाई."

"मग पुन्हा अडकलं असेल! मशीनच आहे ते. बाबा, पाचर त्यांनी स्वतः लावली असं निघालं तर भरपाई कापतात. वकिलाने सांगितलंय. मुद्दाम सुरक्षा काढली म्हणतात त्याला. उजवा हात आहे त्यांचा. ते आयुष्यभर काय करणार आहेत? गाणी म्हणणार आहेत?"

"त्याला साहेबांनी लावायला सांगितली होती. मी तेही सांगणार आहे."

"साहेब नाही म्हणतील. कोणी ऐकलंय ते?"

"मी ऐकलंय. आणि माझं मानतील."

"तेच म्हणतेय मी!" ती जवळजवळ ओरडली. "तुमचं मानतात. तुम्ही बटण अडकलं म्हणालात तर तेही मानतील. एकदा. आयुष्यात एकदा, बाबा. माझ्यासाठी."

मास्तर म्हणाले, "थोडं पाणी दे." तिने दिलं. त्या घरात त्यांनी घेतलेलं ते शेवटचं पाणी.

चर्चचे पाळकसाहेबही येऊन गेले म्हणतात. त्यांनी मास्तरांना शांतीबद्दल सांगितलं. शांती कोणाकोणात हवी आहे, ते मात्र सांगितलं नाही.

चौकशी मालकांच्या केबिनमध्येच झाली. निरीक्षक मध्यमवयीन, कंटाळलेला माणूस होता. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला जावयाचा वकील. मी कागद पुरवायला होतो; मालकांचं बोलणं मीही ऐकलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. सुरुवातीलाच मालक म्हणाले, "आम्हाला वाद नकोच. मास्तर सांगतील ते मान्य." वकील लगेच म्हणाला, "आम्हालाही मान्य." निरीक्षकाचा कंटाळा थोडा कमी झाला. "असा साक्षीदार मला नोकरीत पहिल्यांदा मिळतोय," तो हसून म्हणाला.

मास्तरांनी खिशातून पुठ्ठ्याची पाचर काढून टेबलावर ठेवली.

"मशीन चांगलं होतं. बटण अडकत नव्हतं. ही पाचर माझ्या जावयाने लावली होती. ती मी काढली. साहेबांनी ती पाहिली होती आणि तेच म्हणाले होते, एवढ्यापुरती लाव. माझ्यासमोर म्हणाले. मी गेल्यावर त्याने दुसरी लावली."

मालकांच्या मानेवर लाली चढली. वकिलाने पेन खाली ठेवलं. दोघांनाही मास्तरांचं अर्धंच बोलणं हवं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच अर्धं मिळेल.

"झालं?" निरीक्षकाने विचारलं.

"नाही. दुसऱ्या पाचरी टेबलावर कापून ठेवलेल्या होत्या, त्या मी पाहिल्या. तो पुन्हा लावणार हे मला कळत होतं. पण साहेब समोर होते, काम चर्चचं होतं आणि त्यांच्याशी वाद घालायला नको म्हणून मी निघून गेलो. मशीनवर मुख्य माणूस मी आहे. मी मशीन बंद करून किल्ली घेऊन जायला हवं होतं. हेही लिहा."

हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. निरीक्षकाने ते मुकाट्याने लिहून घेतलं.

निकाल लागला. मालकांना दंड झाला आणि त्यांनी तो भरला. एवढ्याने असल्या माणसाचं काही अडत नाही. त्यांनी फक्त दुसरी पाळी बंद केली आणि त्यात काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. मुद्दाम सुरक्षा काढली या कलमाखाली जावयाची भरपाई अर्ध्यावर आली, आणि मालकांनी जे "बघेन" म्हटलं होतं ते अर्थातच बघितलं नाही. मास्तरांवर निष्काळजीपणाचा ठपका आला. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, तरी त्यांना मशीनवरून काढून गोदामात बसवलं. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते दारात उभे राहून त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे.

"बघ रे, काटकोन. जावयालासुद्धा सरळ रेषेत कापला."

"देवाच्या घरी जागा पक्की झाली असेल आता. आमचं काय?"

मास्तर कागदाच्या रिमांवरची धूळ झटकत राहायचे. एकदा मी म्हटलं, "उत्तर तरी द्या." ते म्हणाले, "त्यांची नोकरी गेली आहे, हिशेबनीस. माझ्या बोलण्याने गेली. मी त्यांना काय उत्तर देऊ?"

चर्चमध्ये त्यांना पाठ वाचायला सांगणं बंद झालं. "थोडी विश्रांती घ्या," असं त्यांना सांगण्यात आलं. कोणी वाईट बोललं नाही, फक्त ते बसले की बाकावर शेजारी जागा उरायची. पुढे मालकांच्या मुलीचं लग्न त्या नव्या इमारतीत झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मी मास्तरांशेजारी शेवटच्या बाकावर बसलो. गाणं सुरू झालं, मी पुढ्यातलं पुस्तक उचललं. मास्तर आपलं पुस्तक उघडत नव्हते. ते अंगठा पुस्तकाच्या कापलेल्या कडेवरून फिरवत होते, पुन्हा पुन्हा. कड तिरकी होती. घाईत, दुसरीकडे कापून आणलेली पुस्तकं ती. मी माझं पाहिलं, तेही तिरकं. सगळीच तिरकी असणार. सगळे त्यातूनच गात होते आणि छान गात होते.

मुलगी आणि जावई पुढे, उजवीकडच्या बाकावर होते. पुस्तक त्याच्या डाव्या हातात, पानं ती उलटत होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

भरपाईच्या शेवटच्या कागदावर जावयाचा डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा होता आणि ते काम माझ्याकडे आलं. मास्तरांना ते कळलं. "मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं. आपल्याच मुलीच्या घरी जायला माणूस माझा आधार मागत होता. मी हो म्हटलं.

जिना चढताना त्यांनी कठड्याला हात लावला आणि थबकले. मग काही न बोलता वर आले.

दार मुलीने उघडलं. मला पाहून बाजूला झाली, त्यांना पाहून पुन्हा दारात आली. "हिशेबनीसकाका, तुम्ही आत या."

मास्तर बाहेरच्या चौकटीत उभे राहिले. मी आत जाऊन जावयासमोर कागद ठेवला, त्याने अंगठा उमटवला. मग दाराकडे न बघता तो बोलला. आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं.

"बाबा, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला असतात तर सगळ्यांनी खरं मानलं असतं. साहेबांनीसुद्धा तोंड उघडलं नसतं. इतकी वर्षं सरळ वागून तुम्ही जे मिळवलं होतंत, ते आमच्यासाठी एकदा वापरायचं, इतकंच होतं. मग ते मिळवलं कशासाठी?"



"सगळ्यांनी मानलं असतं, हे खरं आहे," मास्तर म्हणाले. "म्हणूनच बोलता आलं नाही."

"समजलं नाही मला."

"मलाही नीट सांगता येत नाही."

मुलगी म्हणाली, "मग जा ना त्याच्याकडेच, ज्याच्यासाठी खरं बोललात. म्हातारपणी तोच पाणी देईल."

मी बाहेर आलो. तिने दार लावून घेतलं, हळूच, आदळलं नाही. आतून कडी लागली.

आम्ही दोनेक पायऱ्या उतरलो असू. मास्तर थांबले. कठडा हलवून पाहिला, त्याचा वरचा सैल खिळा बोटाने चाचपला आणि परत वर गेले. मला वाटलं, आता हा माणूस माफी मागणार, रडणार. त्यांनी दारावर टकटक केली. उघडलं नाही. तेव्हा ते बंद दाराशीच, मशीनवर गठ्ठा लावताना सूचना द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "कठडा वरून सुटलाय. त्याला कठडा धरून उतरू देऊ नकोस. भिंतीकडून उतरा, नीट करून घेईपर्यंत."



मग ते खाली आले आणि आम्ही रस्त्याला लागलो. दार उघडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती दोघं भिंतीकडून उतरत असणार, याबद्दल मला जराही शंका नाही. या माणसाने सांगितलेलं खोटं असेल, असं त्या घरातही कोणाला वाटत नव्हतं.